टीडेमानबाई आणि तिचे भाडेकरू

मीनल, खुर्ची पुढे ओढ आणि नीट बस. तुमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये बशीत उकडलेले बटाटे घेऊन हे वाचायला बसली असशील तर आधी जेवून घे. परवा फोनवर विचारलंस, "मावशी, तुझी ती दगडवाली म्हातारी कशी आहे गं?" आणि मी तोंड उघडते तोवर "बस आली" म्हणून ठेवूनही दिलास. ड्रेस्डेनला गेल्यापासून तुझी बस सारखी येतच असते. अगं, माणसाची चौकशी करायची तर उत्तर ऐकण्याची सवड ठेवून करावी. असो, रागावले नाही. पण आता सगळं ऐकायचं, मधून उठायचं नाही.

ती कशी आहे ते शेवटी सांगते. आधी ती कोण ते ऐक, कारण तू तिला फक्त माझ्या फोनमधल्या फोटोत पाहिलंयस, आणि फोटोत ती बरी दिसते.

आमचं हे गाव जर्मनीच्या उत्तरेकडचं, पोळपाटासारखं सपाट. गावाबाहेर मक्याच्या शेताच्या कडेला पाच जुने ओक आहेत, आणि त्यांच्या सावलीत एक दगडी घर आहे. घर म्हणजे काय, हत्तीएवढे दगड बाजूने उभे केलेले, वर तीन दगड आडवे टाकलेले, भोवती मातीचा उंचवटा आणि आत शिरायला ठेंगणा बोगदा. गुडघ्यांवर रांगत जावं लागतं. पाच हजार वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी आपली मेलेली माणसं त्यात नेऊन ठेवली. गावातले लोक त्याला ह्यूनेनग्राब म्हणतात, म्हणजे राक्षसांचं थडगं. टीडेमानबाईपुढे हा शब्द काढायचा नाही. एका शाळामास्तराने काढला तर तिने त्याला त्याच्याच पोरांसमोर सुनावलं होतं, "राक्षस नव्हते. बुटकी माणसं होती, दात किडलेली, पाठ दुखणारी. असे दगड उचलायला राक्षस लागत नाहीत, शेजारी लागतात. तुम्हाला आहेत का?"

ती त्या दगडांची राखणदार. पगारी नव्हे, हौसेची. बोगद्याच्या तोंडाला लोखंडी जाळी आहे, तिची किल्ली निळ्या दोरीत ओवून ती गळ्यात घालायची, आपण मंगळसूत्र घालतो तशी, पोलक्याच्या आत. उंच, वाळकी, केस स्वतःच कात्रीने कापलेले. दर गुरुवारी दुपारी तीनला येतील त्यांना ती आत नेऊन दाखवायची. आतल्या लोकांना ती म्हणायची "माझे भाडेकरू". यांच्यासारखे भाडेकरू मिळायला नशीब लागतं, म्हणायची. रविवारी भिंतीत खिळे ठोकत नाहीत, कचरा चुकीच्या डब्यात टाकत नाहीत, आणि नातेवाईक भेटायला येत नाहीत.

माझी आणि तिची ओळख कशी झाली ते सांगते, हसू नकोस. मी इथे नवीन होते. माझा निखिल आणि सून मानसी सकाळी कामाला जायचे. मुगाचे सांडगे घालायचे होते आणि आमच्या बाल्कनीला ऊन म्हणून नाही. फिरताना हे दगड दिसले. वरचा दगड बाजूच्या उंचवट्यावरून सहज हाताला येतो, सपाट, आणि उन्हाने असा तापलेला की तवा. मला काय ठाऊक तिथे कोण झोपलंय. मी पांढरा पंचा अंथरला आणि ओळीने सांडगे घातले. निम्मे घालून झाले होते, तेवढ्यात मागे ही उभी.

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एक ओला सांडगा उचलला, जिभेवर ठेवला, थुंकला, आणि मला बोटाने खुणावून जाळी उघडली. आत रांगायला लावलं. मी आत गेले आणि तिने हातातली बॅटरी विझवली.

मीनल, तसला अंधार तू पाहिला नसशील. दगडाला वास असतो हे मला तिथे कळलं. मी देवाचं नाव घेत बसले. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, अगदी सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द तोडून: "इथे. माणसं. झोपतात. तुम्ही. छपरावर. स्वयंपाक."

बाहेर आल्यावर तिने माझं नाव विचारलं. पुढच्या आठवड्यात आमच्या टपालपेटीवर ते वाचलं, Jadhav, आणि जर्मन उच्चाराने त्याचं केलं याडाफ. मी तीनदा सुधारून दिलं. "गेनाऊ, याडाफ," म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. शेवटपर्यंत मी फ्राऊ याडाफच, म्हणजे याडाफबाईच, राहिले.

तरी मी गुरुवारी जायला लागले. का, ते विचारू नकोस. दिवसभर घरात माझ्याशी बोलतं कोण? नात शाळेतून आली की मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. ही बाई निदान समोर बघून टाकून बोलायची. आणि तिचा तो दुष्टपणा बघण्यासारखा असायचा, खोटं कशाला सांगू. बॅटरी विझवण्याचा खेळ ती प्रत्येक टोळीशी करायची. कुणीतरी हुंदका देईपर्यंत लावायची नाही. एकदा एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. त्यांना त्या दगडांच्या दारात एकमेकांना बिलगून फोटो काढायचा होता. टीडेमानबाईने अगदी गोड होऊन फोटो काढून दिला, आणि मग सांगितलं की तुम्ही उभे आहात तिथेच एका पोरीचे दात सापडले, तुमच्याच वयाची. हाडं नाही सापडली. इथली माती आंबट आहे, हाडं खाते. दात तेवढे राहतात. "म्हणून म्हटलं हसा," ती म्हणाली. "तेवढंच राहतं."

ती मुलगी फोटो न बघताच गेली.

तिची स्वतःचीही एक मुलगी होती, अंके. एकोणीस वर्षांची असताना मोपेडवरून पडून गेली. हे मला तिने एका ओळीत सांगितलं, किल्लीची दोरी पोलक्यात ढकलता ढकलता. "पाऊस होता, ती वेगात होती, चूक तिचीच होती." संपलं. त्यानंतर नवरा दुसऱ्या बाईकडे गेला, ब्रेमेनला, आणि तिकडेच वारला. त्याच्याबद्दल तर एक ओळही नाही. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला इथल्या एकुलत्या एक टेकाडावर फ्रीडहोफ आहे, म्हणजे दफनभूमी, तिथे अंकेच्या थडग्यावर ती दर रविवारी जायची. लाल दगड, त्यावर नाव, पुढे हातभर वाफा. त्या वाफ्यात एक गवताचं पातं दिसू द्यायची नाही. भाडेकरूंपाशी तिची जीभ चालायची. तिथे ती गप्प असायची. सगळ्या जगात तिला जपायला तेवढीच एक जागा होती.

मग एका पानगळीत ती अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली, पुन्हा शस्त्रक्रिया. ती चाकांची ढकलगाडी असते ना, रोलाटोर, ती धरून घरातल्या घरात चालायची, पण टेकाड काही चढता येईना. गुरुवारचं काम त्या दगडांची देखभाल करणाऱ्या मंडळातल्या एका गृहस्थांनी धरलं. अंकेचं मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. मीच म्हटलं, मी जाते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला गवत आणि झाड यातला फरक कळतो?"

दर गुरुवारी मी जायची. निवडायची, पाणी घालायची, दगड घासायची आणि मग फोनवर फोटो काढून तिला नेऊन दाखवायची. आधी घासायची, मग फोटो. घाणेरडा फोटो मी कशाला दाखवू? ती फोटो बोटांनी मोठा करून चुका काढायची. डावीकडचं पान पिवळं आहे. पाण्याचे डाग पडलेत. फ्राऊ याडाफ, तुमच्या देशात सरळ रेषा नसते का?

आता नीट वाच.

पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडाला मी गेले तर अंकेच्या दगडावर, नावाच्या अगदी खाली, कुणीतरी एक पिवळा कागद चिकटवलेला. हातभर नव्हे, वहीच्या अर्ध्या पानाएवढा. त्यावर चार ओळी छापलेल्या आणि खाली फोन नंबर. मला असा संताप आला. आपल्याकडे विजेच्या खांबावर "बोअर मारून मिळेल" चिकटवतात ना, खाली नंबर, तसलं काहीतरी वाटलं मला. म्हटलं, या लोकांनी मेलेल्या पोरीलासुद्धा सोडलं नाही. नखाने निघेना. घरी आले, खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि परत गेले. नव्या स्टीलच्या भांड्याचं लेबल काढतो तसं तेल चोळलं, मुरू दिलं, खरवडलं, मग चिंचेने घासून काढलं. असा लख्ख झाला दगड की त्यात माझं तोंड दिसावं. मग फोटो काढला.

तिला मी सांगितलंसुद्धा, मीनल. हे लक्षात ठेव, मी लपवलं नाही. पण मला शब्द कुठे होते? "पापियर," मी म्हटलं, कागद, आणि हाताने फेकल्यासारखं केलं. "वेक. आलेस साउबर." गेला, सगळं स्वच्छ. तिला वाटलं वाऱ्याने आलेला खाऊचा कागद. "गुट," ती म्हणाली, म्हणजे छान. तेवढाच एकदा तिने माझ्या कामाला गुट म्हटलं.

वर्षभर मी ते थडगं राखलं. पुढच्या हिवाळ्यात मी सांगलीला आले, तुझ्या भावाच्या लग्नाला, आणि एप्रिलपर्यंत राहिले, तुला आठवत असेल. परत आले तर टीडेमानबाई बऱ्यापैकी चालायला लागली होती. मे महिन्यात अंकेचा वाढदिवस. ती म्हणाली, आज मी स्वतः येणार. टेकाड चढायला आम्हाला तासभर लागला. दर दहा पावलांनी ती थांबायची आणि मी थांबले की म्हणायची, तुम्ही कशाला थांबलात, तुमचे खुबे शाबूत आहेत.

वर गेलो. अंके नव्हती.

दगड नाही, वाफा नाही, काही नाही. हिरवंगार गवत, कोवळं, नुकतंच पेरलेलं. टीडेमानबाई आधी म्हणाली, आपण ओळ चुकलो. आम्ही पुढची ओळ पाहिली, मागची पाहिली. मग पुन्हा तिथेच आलो. तिने रोलाटोरचा ब्रेक लावला आणि उभी राहिली. मी फुलं हातात धरून उभी. ठेवायची कुठे ते कळेना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. मानसी रजा काढून बोलायला आली. तिथे मला कळलं ते तुला सांगते, इतकी वर्षं इथे राहून तुलाही ठाऊक नसेल. इथे थडग्याला मुदत असते. मुदत संपली की घरच्यांनी ती वाढवून घ्यायची, नाहीतर जागा मोकळी करतात. अंकेचे कागद बापाच्या नावावर होते. त्याने टीडेमानबाईला सांगितलं होतं की मी वाढवलीय. वाढवली नव्हती. कचेरीचं पत्र ब्रेमेनला गेलं आणि परत आलं. मग त्यांनी त्यांच्या नियमाप्रमाणे दगडावर सूचना लावली, नातेवाइकांनी भेटावं म्हणून, वर्षभर वाट पाहिली, आणि कुणी आलं नाही.

कारकून सभ्य होता गं. आवाज चढवला नाही त्याने. कॉम्प्युटर आमच्याकडे वळवून फोटो दाखवला, लाल दगड आणि त्यावर पिवळा चौकोन. म्हणाला, आउफक्लेबर होता. मी मानसीला विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली, "स्टिकर, आई. पिवळा स्टिकर."

टीडेमानबाईने विचारलं, दगड कुठे आहे. तो म्हणाला, बाकीच्या दगडांबरोबर फोडायला गेला, मैदानाकडच्या नव्या वाटेवर त्याची खडी पडली. आणि तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, गवत मात्र छान आलंय.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. माझं तोंड बघून तिला सगळं कळलं असणार. फक्त एक शब्द बोलली.

"पापियर."

मी मान हलवली. मानसीला काही समजलं नाही. तिला घरी गेल्यावर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, आई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुमची काय चूक. माझ्या सुनेचा स्वभाव चांगला आहे. पण वाचता येत नव्हतं तर कुणाला विचारता येत होतं की नाही? ते मी विचारलं नाही. मी तेलाची बाटली आणायला गेले.

मला वाटलं, आता ती तोंड बघणार नाही. तर पुढच्या गुरुवारी तिचा निरोप: या. किल्ली तिने परत घेतली होती आणि लोक जमले होते. तिने मला दाराशी उभं केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि लोकांना काहीतरी सांगितलं. लोक हसले. मला वाटलं, ओळख करून देतेय, माफ केलं वाटतं. मी हात जोडून नमस्कार केला. लोक आणखी हसले. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी घरी येऊन मानसीला कौतुकाने सांगितलं, बाईचं मन मोठं हो.

चौथ्या गुरुवारी मानसीला सुटी होती, ती बरोबर आली. टीडेमानबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलली. मानसीचा चेहरा उतरला. मला हाताला धरून ती ओकांच्या पलीकडे घेऊन गेली. मी हट्ट धरला तेव्हा सांगितलं. ती म्हणत होती, "या फ्राऊ याडाफ. पाच हजार वर्षांत पावसाला, नांगराला आणि युद्धांना जे जमलं नाही, ते या बाईंनी एका दुपारी केलं."

मानसी म्हणाली, आई, पुन्हा इथे यायचं नाही. निखिलने तर तिच्या घरी जाऊन बोलायची तयारी केली.

मी पुढच्या गुरुवारी गेले. तिने खांद्यावर हात ठेवला, आणि तिने तोंड उघडायच्या आधीच मी हात जोडले. तिचा हात क्षणभर जड झाला. तिला कळलं की मला कळलंय. तरी वाक्य तिने पुरं केलं, एक शब्द न गाळता. पुढेही कधी गाळला नाही. मी एकही गुरुवार चुकवला नाही.

मधल्या वारी ती त्या मैदानाकडच्या खडीच्या वाटेवर असायची. रोलाटोर ढकलत, खाली बघत. मुलं सायकलवरून जाताना घंटी वाजवायची, ती बाजूला व्हायची नाही. एकदा मला हाक मारली. तळहातावर खडीचा एक तुकडा, काळाभोर, एका बाजूला गुळगुळीत. आवाज इतका मऊ की मला तिचा वाटेना. "फ्राऊ याडाफ, तुम्ही तो वर्षभर घासलात. बघा बरं, हा तिचाच का?"

मला ठाऊक होतं गं, हा तिचा नव्हे. पण त्या आवाजाला मला नाही म्हणवेना. मी तुकडा घेतला, उन्हात धरला आणि म्हटलं, हो. हाच.

तिने तो माझ्या हातातून काढून मैदानात भिरकावला.

"तिचा लाल होता," ती म्हणाली. "खोटंसुद्धा तुम्हाला धड बोलता येत नाही."

पुढच्या शरदात तिचं एकटीने राहणं संपलं. आखन शहरातला तिचा पुतण्या आला, त्याने तिकडच्या एका वृद्धाश्रमात जागा पाहिली होती. गाडीत बसायच्या आधी तिने त्याला दगडांपाशी थांबायला सांगितलं आणि मला निरोप धाडला. रोलाटोर बाहेर ठेवून ती रांगत आत गेली, त्या खुब्यांनी, कण्हत नाही की काही नाही. मी मागून बॅटरी घेऊन. आत बसल्यावर तिने माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि विझवली.

मला वाटलं, आता काय ते बोलेल. मी मनाची तयारी केली. बाहेर पुतण्याच्या गाडीचं इंजिन चालू होतं.

"ते चांगलं चिकटवतात," ती म्हणाली. "कशाने काढलंत?"

मी म्हटलं, खोबरेल तेलाने. कोकोस.

ती हसली. अंधारात ते हसणं दगडांवर आपटून सगळीकडून आलं. खूप वेळ हसली. मग म्हणाली, "अंकेला नारळाचा वास सहन व्हायचा नाही."

बाहेर आल्यावर तिने जाळी बंद केली, किल्ली गळ्यातून काढून पुतण्याच्या हातात दिली, मंडळाला दे म्हणून. माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी निघाली तेव्हा मी नीट दिसावं म्हणून उंचवट्यावर चढून उभी राहिले. वळणावर काच खाली झाली. वाटलं, हात हलवेल. हात बाहेर आला, वाळका, लांब, आणि एक बोट माझ्या पायांकडे, मग जमिनीकडे. खाली उतरा. छपरावर उभं राहायचं नाही.

मी उतरले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती जानेवारीत गेली. पुतण्याने मानसीला दोन ओळी पाठवल्या. इथे अशीही सोय आहे म्हणे, नाव नाही, दगड नाही, नुसतं हिरवळीखाली ठेवायचं, नेमकं कुठे ते घरच्यांनाही सांगत नाहीत. तिनेच तसं लिहून ठेवलं होतं. म्हणजे मी तेलाची बाटली घेऊन आखनपर्यंत गेले तरी घासायला काही सापडू नये.

गुरुवारी मी अजून टेकाडावर जाते. आता दगड घासत नाही, नुसती ओळीओळीने फिरून बघते. या आठवड्यात कोपऱ्यातल्या एका जुन्या दगडावर पिवळा कागद आलाय. चार ओळी आहेत, खाली नंबर आहे. मानसीला फोटो दाखवला, ती म्हणाली रविवारी बघू, आणि तिचे रविवार तुला माहीत आहेत. मी हात लावलेला नाही. पण पाऊस लागलाय आणि एक कोपरा सुटायला आलाय. तुला जर्मन वाचता येतं. या शनिवारी गाडीत बस आणि ये गं, मला तो वाचून दाखव.